रिपोर्टातले ‘सत्तर टक्के’ नेमके कशाचे? अंडाशयाच्या कॅन्सरमधले प्रोटीन मार्कर कसे वाचायचे

पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीशी रिपोर्ट देताना एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा नवरा कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवतो आणि आवाज खाली आणून विचारतो, “ताई, इथं सत्तर टक्के लिहिलंय. म्हणजे सत्तर टक्के चान्स आहे ना?” ओळ असते ‘के-आय ६७ : ७०%’. त्याच ओळीवर दुसऱ्या कुणाचा चेहरा उतरतो, कारण त्याला वाटतं सत्तर टक्के पोट आजारानं भरलंय. दोघांचाही समज चुकीचा. काचेवर पाहिलेल्या गाठीच्या पेशींपैकी शंभरात सत्तर पेशी त्या वेळी विभाजनाच्या चक्रात होत्या, एवढंच तो आकडा सांगतो.

मी डॉक्टर नाही. आयएचसीच्या, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या टेबलावर बरीच वर्षं काढलेली तंत्रज्ञ आहे. गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, त्यावर विशिष्ट प्रोटीनला चिकटणारी अँटिबॉडी सोडायची आणि जिथं ती चिकटली तिथं तपकिरी रंग आणायचा, हे माझं काम. रंगाचा अर्थ पॅथॉलॉजिस्ट लावतात आणि उपचार ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतात. पण ओव्हरीच्या कॅन्सरच्या रिपोर्टातली कुठली ओळ आयुष्याबद्दल काही सांगते आणि कुठली सांगत नाही, हे घरच्यांना बसवून समजावून सांगायला कुणाकडेच वेळ नसतो. म्हणून हा लेख. फाइल जवळ घेऊन वाचलात तर जास्त उपयोग होईल.

पहिली पायरी: कागद गोळा करा, आणि ब्लॉकही

मूळ हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट तर हवाच. आयएचसीचा रिपोर्ट बऱ्याचदा काही दिवसांनी पुरवणी म्हणून वेगळा येतो आणि फाइलला लागतच नाही. तो मागून घ्या. सोबत ऑपरेशन नोट, सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि सीए-१२५ (रक्तात मोजलं जाणारं एक प्रोटीन) चे आजवरचे सगळे आकडे तारखांसह ठेवा. तारखेशिवाय आकडा उपयोगाचा नाही. का, ते सीए-१२५ च्या पायरीवर येईलच.

ऑपरेशन नोटमध्ये एक ओळ शोधा: शेवटी पोटात किती आजार उरला? ‘आर-झीरो’ म्हणजे डोळ्यांना दिसेल असं काही उरलं नाही. ‘ऑप्टिमल’ म्हणजे उरलेली गाठ एक सेंटिमीटरपर्यंतची. ‘सबऑप्टिमल’ म्हणजे त्याहून मोठी. माझ्या टेबलावरच्या कुठल्याही तपकिरी रंगापेक्षा ही एक ओळ पुढच्या वर्षांबद्दल जास्त बोलते. तरी बहुतेक घरांत ती कुणी वाचलेली नसते.

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. परळला टाटा मेमोरियलला किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात मत घ्यायला जाणार असाल तर स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही न्या. एकाच ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉनचे कितीतरी काप काढता येतात, त्यामुळे राहिलेल्या तपासण्या तिथं नव्यानं करता येतात. न रंगवलेल्या स्लाइड मात्र महिनोन्‌महिने पडून राहिल्या की काही प्रोटीन फिकट दिसायला लागतात. एकदा एका कुटुंबानं आठ महिने जुन्या कोऱ्या स्लाइड जेवणाच्या डब्यात टिश्यू पेपरात गुंडाळून आणल्या होत्या. दोन फुटल्या होत्या आणि उरलेल्यांवर रंग धड बसेना. ब्लॉक मागायचा अर्ज साधा असतो, पोचपावती घ्या. आणि मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ते मेणच आहे.

दुसरी पायरी: आयुष्याचा प्रश्न बाजूला ठेवून आधी प्रकार वाचा

‘ओव्हरीचा कॅन्सर’ हे एका आजाराचं नाव नाही. वरच्या थराच्या पेशींतून येणारे, म्हणजे एपिथेलियल कॅन्सर सर्वांत जास्त, आणि त्यातही पाच मुख्य प्रकार: हाय-ग्रेड सिरस, लो-ग्रेड सिरस, एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल आणि म्युसिनस. पहिला सर्वांत जास्त आढळतो. गंमत म्हणजे त्याची सुरुवात पुष्कळदा ओव्हरीत होतच नाही, गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाला होते. तरुण मुलींमधले जर्म सेल ट्यूमर हे वेगळंच घराणं. तिथं रक्तातले एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच हे मार्कर चालतात आणि बरं होण्याचं प्रमाणही खूप चांगलं असतं. या लेखातलं काही त्यांना लावू नका.

प्रकार आधी का वाचायचा, याचं उत्तर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या एका अभ्यासात आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५०० गाठींवर २१ प्रोटीन तपासले. त्यातले २० प्रकारानुसार वेगवेगळ्या प्रमाणात सापडले. सगळ्या बायकांना एकत्र मोजलं तेव्हा के-आय ६७ जास्त असलेल्यांचं आयुष्य कमी दिसलं. प्रकार वेगळे काढून प्रत्येकात स्वतंत्र मोजलं तेव्हा तो संबंध नाहीसा झाला. म्हणजे के-आय ६७ भविष्य सांगत नव्हता. ‘ही बाई हाय-ग्रेड सिरसची आहे’ एवढंच तो आडून सांगत होता, आणि ते रिपोर्टाच्या पहिल्या ओळीत आधीच लिहिलेलं असतं.

त्यामुळे आयएचसीच्या यादीतली निम्मी-अधिक नावं प्रकार ठरवण्यासाठीच असतात, हे पक्कं धरून चला. पॅक्स-८ पॉझिटिव्ह म्हणजे गाठ स्त्रीजननमार्गातून आल्याचा संकेत, आतडं किंवा जठरातून ओव्हरीत उतरलेली नसावी. डब्ल्यूटी-१ सिरस प्रकाराकडे बोट दाखवतो. नॅप्सिन-ए क्लिअर सेलकडे. सीके-७ पॉझिटिव्ह आणि सीके-२० निगेटिव्ह ही जोडी पुन्हा आतड्याची शक्यता कमी करते. यातल्या कुठल्याही नावापुढच्या ‘पॉझिटिव्ह’नं घाबरायचं नाही आणि हुरळायचंही नाही.

तिसरी पायरी: एक नमुना रिपोर्ट ओळीओळीनं

समजा रिपोर्ट असा आहे: ‘हाय-ग्रेड सिरस कार्सिनोमा. पॅक्स-८ पॉझिटिव्ह. डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह. पी५३ म्युटंट पॅटर्न, नल टाइप. ईआर ६०%. पीआर ५%. के-आय ६७ ७०%.’ हा नमुना माझा आहे, पण असे रिपोर्ट रोज निघतात.

पॅक्स-८ आणि डब्ल्यूटी-१ प्रकारासाठी, ते वर झालं. पुढचा पी५३. इथं सगळ्यांत जास्त गोंधळ होतो.

पी५३ हे पेशीतलं राखण करणारं प्रोटीन. निरोगी पेशीत ते तयार होतं आणि लगेच मोडलंही जातं, म्हणून काचेवर कुठंकुठं फिकट ठिपके दिसतात. जनुक एका तऱ्हेनं बिघडलं की तयार होणारं वाकडं प्रोटीन मोडत नाही, साचत जातं आणि जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी होतं. दुसऱ्या तऱ्हेनं बिघडलं की प्रोटीन तयारच होत नाही, मग काच कोरी. त्या कोऱ्याला ‘नल’ म्हणतात. म्हणजे ‘पी५३ निगेटिव्ह’ वाचून पेढे वाटू नका, इथं निगेटिव्हही बिघाडच असतो. फिकट ठिपक्यांचा अर्धवट रंग हेच खरं निरोगी चित्र, त्याला ‘वाइल्ड टाइप’ म्हणतात.

आता मुख्य प्रश्न: पी५३ बिघडलेला असेल तर आयुष्य कमी का? हाय-ग्रेड सिरसमध्ये या प्रश्नाला अर्थच नाही. ‘द कॅन्सर जीनोम ॲटलास’ या अमेरिकन प्रकल्पानं २०११ साली अशा ३१६ गाठींची जनुकं वाचली तेव्हा ९६ टक्क्यांत हे जनुक बिघडलेलं निघालं. वर्गात सगळ्यांनाच चष्मा असेल तर चष्म्यावरून पहिला नंबर ओळखता येत नाही. एंडोमेट्रिऑइड प्रकारात मात्र पी५३ बिघडलेला असणं थोड्यांमध्येच सापडतं आणि त्यांची वाटचाल इतरांपेक्षा अवघड असते, तिथं तो खरोखर बोलतो. एकच प्रोटीन, एकच रंग, दोन प्रकारांत दोन वजनं.

लॅबच्या बाजूची एक गोष्ट इथंच सांगते. ‘नल’ म्हणण्याआधी त्याच काचेवर गाठीभोवतालच्या निरोगी पेशींत फिकट रंग दिसायलाच हवा. त्याला इंटर्नल कंट्रोल म्हणतात. तोच दिसत नसेल तर गाठ कोरी नाही, आमचा रंगच बसलेला नाही. ऑपरेशननंतर गाठ फॉर्मलिनमध्ये उशिरा पडली, फार थोडा वेळ राहिली किंवा सुट्ट्यांत चार-पाच दिवस तशीच राहिली की असं होतं. ईआर, पीआरसारख्या तपासण्यांसाठी ६ ते ७२ तास हा मान्य अवधी आहे. शंका असेल तर “इंटर्नल कंट्रोल ठीक होता ना?” एवढं विचारा. चांगले पॅथॉलॉजिस्ट या प्रश्नानं रागावत नाहीत.

ईआर आणि पीआर ही हार्मोन पकडणारी प्रोटीन. स्तनाच्या कॅन्सरमुळे ही नावं घरोघरी पोचली आहेत आणि तिथलेच अर्थ लोक इथं लावतात. ओव्हरीच्या बाबतीत मोठा पुरावा २०१३ सालचा आहे. बारा अभ्यासांतल्या २,९३३ बायकांच्या गाठी एकत्र तपासल्या गेल्या. हाय-ग्रेड सिरसमध्ये ईआर बहुतेकींत पॉझिटिव्ह निघाला आणि त्यावरून आयुष्याचा अंदाज बांधता आला नाही. पीआर मात्र ज्यांच्या निम्म्या किंवा अधिक पेशींत होता, त्या जास्त काळ जगल्या. त्यांचा हॅझार्ड रेशो ०.७१ होता. एंडोमेट्रिऑइड प्रकारात ईआर आणि पीआर दोन्ही चांगल्या वाटचालीशी जोडलेले दिसले, आणि तिथं हा संबंध आणखी ठळक होता.

०.७१ चा अर्थ नीट घ्या, कारण असे आकडे इंटरनेटवर ढिगानं सापडतील. पाहणीच्या काळात कुठल्याही टप्प्यावर पीआर भरपूर असलेल्या गटातला मृत्यूचा वेग पीआर नसलेल्या गटाच्या ७१ टक्के होता. ‘२९ टक्के जास्त वर्षं’ असा त्याचा अर्थ नाही. आणि तो गटाचा आकडा आहे. पीआर ५ टक्के असलेली एखादी बाई दहा वर्षं जगते, ९० टक्केवाली दीड वर्षात जाते, हे दोन्ही त्या अभ्यासाच्या आतच घडत असतं. आपल्या नमुना रिपोर्टातला ‘पीआर ५%’ म्हणजे त्या फायद्याच्या गटात ही बाई बसत नाही, बस. उपचार त्यावरून बदलत नाहीत.

शेवटी के-आय ६७. नावातला ६७ हा आकडा कशाचंही मोजमाप नाही. जर्मनीतल्या कील शहरात ही अँटिबॉडी सापडली म्हणून ‘के-आय’, आणि तपासाच्या तबकडीतल्या खाचेचा क्रमांक ६७. एका काकांनी त्या ६७ ला रुग्णाचं वय समजून चूक दुरुस्त करून मागितली होती, कारण काकू एकसष्ठ वर्षांच्या होत्या. हाय-ग्रेड सिरसमध्ये हा टक्का चढाच असतो. केमोनंतर काढलेल्या गाठीत तो खाली येऊ शकतो, म्हणून केमोआधीची बायोप्सी आणि नंतरची गाठ यांचे आकडे शेजारी ठेवून ‘सुधारलं’ असं परस्पर ठरवू नका. केमोचा परिणाम पाहायचाच असेल तर ‘केमोथेरपी रिस्पॉन्स स्कोअर’ शोधा. ओमेंटम म्हणजे पोटातली चरबीची चादर. केमोनंतरच्या ऑपरेशनमध्ये तिच्यात किती जिवंत गाठ उरली, यावरून १ ते ३ गुण देतात. ३ म्हणजे जवळजवळ काही उरलं नाही, आणि तो गट पुढेही बरा राहतो.

चौथी पायरी: मार्करला विचारा, तू भविष्य सांगतोस की औषध सुचवतोस?

ही दोन वेगळी कामं आहेत. काही प्रोटीन उपचार कुठलाही दिला तरी वाटचाल कशी असेल याची कल्पना देतात. काही प्रोटीन एखादं ठरावीक औषध लागू पडेल का, एवढंच सांगतात. घरच्यांच्या दृष्टीनं दुसऱ्या गटाची किंमत जास्त, कारण तिथं काही करता येतं.

पहिल्या गटातलं सर्वांत खात्रीचं उदाहरण सीडी८ आहे. हे प्रोटीन गाठीचं नाही, गाठीत शिरलेल्या मारेकरी टी-पेशींचं आहे. २००३ साली अमेरिकेतून १८६ बायकांच्या गाठींचा अभ्यास आला होता: गाठीच्या आत टी-पेशी होत्या त्यांच्यापैकी ३८ टक्के पाच वर्षांनी जिवंत होत्या, नव्हत्या त्यांच्यापैकी ४.५ टक्के. इतका मोठा फरक पाहून सगळेच चकित झाले. २०१७ साली पाच हजारांहून जास्त रुग्णांवर तोच प्रश्न तपासला गेला, त्यात ३,१९६ हाय-ग्रेड सिरसच्या होत्या. फरक टिकला, पण माणसांत आला. सीडी८ पेशी अजिबात नसलेल्यांचं मध्यक आयुष्य २.८ वर्षं, थोड्या असलेल्यांचं ३.०, मध्यम असलेल्यांचं ३.८ आणि भरपूर असलेल्यांचं ५.१ वर्षं. मध्यक म्हणजे निम्म्या जणी त्याहून जास्त जगल्या. निम्म्या जणींचा हा भाग सांगायला लोक विसरतात.

मग ही तपासणी करून घ्यावी का? माझं मत: नेहमीच्या उपचारासाठी त्यावर पैसे घालू नयेत. टी-पेशी असलेल्यांना इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा, फायदा होईल असं वाटणं स्वाभाविक होतं, पण पहिल्या केमोसोबत अशी औषधं जोडून पाहणाऱ्या ‘जॅव्हेलिन ओव्हेरियन १००’ आणि ‘आय-मॅगिन ०५०’ या दोन्ही मोठ्या चाचण्या अयशस्वी ठरल्या. भविष्य सांगणारा मार्कर औषध सुचवेलच असं नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सायक्लिन-ई१ हाही पहिल्याच गटातला, उलट बाजूचा. याचं जनुक वाढीव प्रतींत असलेल्या गाठी, हाय-ग्रेड सिरसमध्ये साधारण पाचातली एक, प्लॅटिनमवर आधारलेल्या (कार्बोप्लॅटिनसारख्या) केमोला कमी दाद देतात. नेहमीच्या रिपोर्टात तो दिसत नाही.

दुसऱ्या गटात फोलेट रिसेप्टर अल्फा. प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या आजारासाठी मिर्व्हेटुक्सिमॅब सोराव्हटॅन्सिन हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये सशर्त आणि मार्च २०२४ मध्ये पूर्ण मंजूर झालं. ते द्यायचं तर किमान ७५ टक्के जिवंत गाठ-पेशींच्या आवरणावर मध्यम ते गडद रंग हवा. ‘मिरासोल’ चाचणीत ४५३ बायका होत्या. या औषधावर मध्यक आयुष्य १६.५ महिने, नेहमीच्या केमोवर १२.७५ महिने. डोळ्यांवर दुष्परिणाम होतात, म्हणून सुरू करण्याआधी नेत्रतपासणी लागते. इथला ७५ टक्के पुन्हा पेशींचाच. ‘फोलेट रिसेप्टर ८०%’ म्हणजे औषध लागू पडण्याची शक्यता ८० टक्के, असं मुळीच नाही. आणि नावातल्या फोलेटमुळे फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद किंवा सुरू करायची गरज नाही. हा प्रश्न खिडकीवर खरंच येतो.

हर-२ ओव्हरीत कमी जणींत सापडतो. तो ३+, म्हणजे सर्वांत गडद असेल तर ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन या औषधाचा विचार आधीचे उपचार थकल्यावर होऊ शकतो.

एमएमआर, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रोटीन, मात्र चार नावांनिशी लक्षात ठेवा: एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६, पीएमएस-२. एंडोमेट्रिऑइड किंवा क्लिअर सेल प्रकार असेल तर ही तपासणी झाली आहे का, ते बघा. इथं ‘रिटेन्ड’ म्हणजे शाबूत, ‘लॉस’ म्हणजे हरवलेलं, आणि हरवणं हा बिघाड. घरात आतड्याचे, गर्भाशयाचे कॅन्सर झालेले असतील तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या कॅन्सरच्या आनुवंशिक दोषाचा, धागा इथून लागतो, आणि मग प्रश्न बहिणींचा आणि मुलांचाही होतो.

पाचवी पायरी: सीए-१२५ चा आलेख स्वतः काढा

ही रक्तातली एकमेव प्रोटीन तपासणी जी घरच्यांना पाठ असते. अमेरिकेत रॉबर्ट बास्ट यांच्या गटानं १९८१ साली तिच्यामागची अँटिबॉडी तयार केली, नावातला १२५ त्या अँटिबॉडीच्या क्रमांकातून आला. नेहमीची मर्यादा ३५ युनिट. पहिल्या स्टेजच्या जवळजवळ निम्म्या बायकांत ती ओलांडलेलीच नसते. उलट पाळीत, गरोदरपणात, एंडोमेट्रिऑसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये, लिव्हरच्या आजारात आकडा चढतो. आपल्याकडे आणखी एक मोठं कारण: पोटाचा टीबी. पोटात पाणी, वजन उतरलेलं आणि सीए-१२५ शेकड्यांत, हे चित्र दोन्हींत सारखं दिसतं. बायोप्सीशिवाय ‘कॅन्सरच आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

निदानाच्या वेळचा पहिला आकडा किती मोठा, यावर लोक हवालदिल होतात. त्यापेक्षा केमो सुरू झाल्यावर तो किती वेगानं उतरतो याला जास्त अर्थ आहे. फ्रान्समधल्या लियाँच्या बेनुआ यू यांच्या गटानं यावरून ‘केलिम’ नावाचा गुण बसवला. केमोच्या पहिल्या १०० दिवसांतले किमान तीन आकडे तारखांसह दिले की गणित उतरण्याचा वेग काढतं. गुण १ किंवा त्याहून जास्त आला तर आजार केमोला चांगली दाद देतोय. कमी आला तर डॉक्टर पुढच्या ऑपरेशनचा आणि औषधांचा विचार वेगळ्या अंगानं करू शकतात. गणकयंत्र इंटरनेटवर मोफत आहे, पण ते डॉक्टरांसोबतच वापरा.

दोन कल्पित उदाहरणं घेऊ. दर तीन आठवड्यांनी घेतलेले एकीचे आकडे: २४००, ९००, २१०, ४०. दुसरीचे: ३००, २६०, २१५, १८०. पहिल्या दिवशी पहिलीच्या घरी रडारड झाली असेल आणि दुसरीच्या घरी हायसं वाटलं असेल. नऊ आठवड्यांनी चित्र उलटं आहे.

आलेख काढायची रीत सोपी आहे. शाळेच्या चौकडीच्या कागदावर आडवी तारखा, उभे आकडे. प्रत्येक केमोच्या दिवशी खाली एक खूण. ऑपरेशनच्या दिवशी उभी रेघ, कारण पोट उघडल्यावर काही आठवडे सीए-१२५ आपोआप चढतो आणि त्या चढाला घाबरायचं कारण नाही. सगळ्या तपासण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. यंत्र आणि किट बदललं की आकडा बदलतो. १८ चा २३ झाला म्हणून रात्रभर जागणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. तेवढा फरक तपासणीच्या आतलाच असतो.

उपचार संपल्यावर दर महिन्याला सीए-१२५ करत राहावं का, यावर एक चाचणी सगळ्यांनी ऐकायला हवी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या या चाचणीत ५२९ बायकांचे दोन गट केले. एका गटात आकडा चढताच केमो पुन्हा सुरू झाली, दुसऱ्यात त्रास दिसेपर्यंत थांबले. पहिल्या गटाची केमो जवळजवळ पाच महिने आधी सुरू झाली. मध्यक आयुष्य पहिल्या गटाचं २५.७ महिने, दुसऱ्याचं २७.१. म्हणजे लवकर सुरू करून आयुष्य वाढलं नाही. केमोचे महिने मात्र वाढले. तेव्हापासून उपचार बरेच बदलले आहेत, म्हणून तपासणी किती वेळा करायची हे डॉक्टरांशी ठरवा. पण नुसत्या भीतीपोटी दर पंधरा दिवसांनी रक्त देऊ नका.

एचई-४ हे दुसरं प्रोटीन काही ठिकाणी सोबत करतात. एंडोमेट्रिऑसिसमध्ये ते सहसा चढत नाही, हा त्याचा फायदा. किडनीचं काम मंदावलं की ते चढतं, म्हणून शेजारी क्रिएटिनिनचा आकडा हवा.

आणि निरोगी बायकांच्या ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये घुसवलेल्या सीए-१२५ बद्दल: ब्रिटनमध्ये २,०२,६३८ बायकांवर वर्षानुवर्षं चाललेल्या चाचणीत अशा चाळणीनं या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. निकाल २०२१ साली आला. पॅकेज विकणारे अजून थांबलेले नाहीत.

सहावी पायरी: प्रोटीनच्या पलीकडचं एक रक्त

बीआरसीए तपासणी जनुकाची आहे, रंगाची नाही, त्यामुळे माझ्या टेबलावर ती होत नाही. तरीही इथं लिहिते, कारण लोक पीआर आणि के-आयवर तासभर बोलतात आणि ही राहून गेलेली असते. हाय-ग्रेड सिरसमध्ये साधारण पाचातल्या एकीच्या बीआरसीए-१ किंवा २ मध्ये दोष सापडतो. ‘सोलो-१’ चाचणीत असा दोष असलेल्या आणि पहिल्या केमोला दाद दिलेल्या बायकांना दोन वर्षं ओलापारिब दिलं. सात वर्षांनी ६७ टक्के जिवंत होत्या, औषधाविना गटात ४६.५ टक्के. आयएचसीचा कुठलाच टक्का इतका फरक घडवत नाही. शिवाय दोष आनुवंशिक निघाला तर मुलींना आणि बहिणींना वेळेत सावध करता येतं.

सातवी पायरी: कुणी नवा मार्कर विकायला आलं तर

प्रोटीनवरून आयुष्याचा अंदाज बांधायचे मोठे प्रयत्न खरे आहेत. २०१३ साली नऊ प्रोटीन मिळून आजार परत कधी येईल याचा गुण काढला गेला. २०१६ साली ओव्हरीच्या १७४ गाठींतली (त्यातल्या १६९ हाय-ग्रेड सिरस) हजारो प्रोटीन मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर मोजली. २०२३ साली प्लॅटिनमला सुरुवातीपासूनच दाद न देणाऱ्या गाठी ओळखण्यासाठी ६४ प्रोटीनांचा संच मांडला गेला. यातलं काहीही अजून नेहमीच्या फाइलमध्ये येत नाही. ज्या गटावर गुण बसवला त्याच्यावर तो छान चालतो, वेगळ्या देशातल्या, वेगळ्या पद्धतीनं जतन केलेल्या गाठींवर ढेपाळतो. हा खेळ मी अनेकदा पाहिला आहे.

अशा अभ्यासांनी काय-काय उघड सांगायलाच हवं, याची २० मुद्द्यांची ‘रिमार्क’ नावाची यादी २००५ पासून आहे. सगळी वाचायची गरज नाही, तीन गोष्टी पाहा. प्रकार वेगळे काढले होते का? टक्क्याची सीमारेषा आधी ठरवली की निकाल पाहून? दुसऱ्या रुग्णगटावर तपासलं का? दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ‘कॅप्लान-मायर प्लॉटर’सारख्या मोफत संकेतस्थळांवर ‘सर्वांत चांगली सीमारेषा आपोआप निवडा’ असं बटण असतं. ते दाबलं की जवळजवळ कुठलंही प्रोटीन भविष्यवेत्तं दिसायला लागतं. एमएस्सी करणारी मुलं यावर रात्रीत आलेख काढतात आणि नातेवाईक ते व्हॉट्सॲपवर फिरवतात.

शेवटची पायरी: डॉक्टरांकडे जाताना

फाइलच्या मागच्या पानावर हे लिहून न्या. प्रकार कुठला, आणि तो आयएचसीनं पक्का झाला का? स्टेज किती, आणि ऑपरेशननंतर किती उरलं? बीआरसीए केलं का, नसेल तर कधी? सीए-१२५ चा उतार तुम्हाला कसा वाटतो? आणि रिपोर्टातल्या कुठल्या प्रोटीनमुळे तुम्ही उपचार बदलाल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कुठल्याच नाही’ असं आलं तर ती ओळ घरी पुन्हा पुन्हा वाचायची गरज उरत नाही.

वर्षांबद्दल विचारायचं असेल तर एक आकडा मागू नका, तो कुणालाच देता येत नाही. “सगळं चांगलं गेलं तर, नेहमीसारखं गेलं तर, आणि वाईट गेलं तर,” अशा तीन शक्यता विचारा. बहुतेक डॉक्टर अशा प्रश्नाला मोकळेपणानं उत्तर देतात. हे विचारताना आईला खोलीत ठेवायचं की बाहेर, ते मुलांनी आपापसात ठरवू नका. आधी आईलाच विचारा.